शिक्का तोच, हात कुणाचा?

दीड-दोन केबीची एक फाइल. नावाच्या शेवटी ‘पेम’. जुना लॅपटॉप ऑफिसला परत करण्याआधी डाउनलोड्स फोल्डर साफ केला, त्यात तीही गेली. मला पत्ता लागला तो तीन महिन्यांनी.

ऑफिसातल्या साठेक मशिनवर मी लिहिलेलं एक छोटं क्रोम एक्स्टेंशन, म्हणजे ब्राउझरला जोडायचा प्रोग्राम, चालायचं. काम साधंच. कुणी फॉर्ममध्ये देवनागरी आकडे टाकले की ते इंग्रजी आकड्यांत बदलायचे, कारण फॉर्मला ‘४११०३०’ हा पिनकोड आहे हे काही केल्या पटत नसे. शिवाय नेहमी लागणारी गावं, पत्ते यांची यादी जो तो आपापली त्यात साठवून ठेवायचा. एका रविवारी मी त्यातली एक चूक दुरुस्त केली, नवी आवृत्ती बांधली आणि सर्व्हरवर ठेवली. सोमवारी पाहतो तर एकाही मशिनवर ती पोचलेली नाही. एरर नाही, लाल पट्टी नाही. जुनी आवृत्ती आपली निवांत चालू.

क्रोमच्या लेखी मी पाठवलेलं ते अपडेट नव्हतंच. कुणा परक्याने माझ्या एक्स्टेंशनचं नाव लावून धाडलेली ती वस्तू होती. आणि क्रोमचं म्हणणं बरोबर होतं.

आपण ‘शिक्कामोर्तब’ हा शब्द सर्रास वापरतो, पण त्यात दोन वेगळ्या वस्तू आहेत. मराठेशाहीतल्या पत्रात शिक्का माथ्यावर असे आणि पत्र कुणाचं ते तो सांगे. मोर्तब शेवटी. शिवाजी महाराजांच्या मोर्तबावर ‘मर्यादेयं विराजते’ ही अक्षरं होती, म्हणजे मजकूर इथे संपला, याखाली कुणी काही वाढवलं तर ते आमचं नव्हे. पत्र कुणाचं, आणि वाटेत कुणी त्यात हात घातला का, हे ते दोन प्रश्न. संगणकातली डिजिटल सही हे दोन्ही प्रश्न एकाच दमात सोडवते.

सहीसाठी किल्ल्यांची जोडी लागते. (धंद्यातले लोक ‘की’ म्हणतात, पण मराठी वाक्यात ‘की’ आधीच इतक्या असतात की वाचणारा चकतो. म्हणून किल्ली.) खाजगी किल्ली सही करते, सार्वजनिक किल्ली ती सही तपासते. सार्वजनिक किल्ली गावभर वाटली तरी बिघडत नाही, कारण तिच्यावरून खाजगी किल्ली काढता येत नाही. माझी हरवलेली पेम फाइल म्हणजे खाजगी किल्ली होती.

आता क्रोमची खुबी. एक्स्टेंशनचं नाव काहीही असू दे, एकाच नावाची दहा असू देत, क्रोम ओळखतो तो ३२ अक्षरांच्या आयडीने. तो आयडी कुणी ठरवून देत नाही, तो सार्वजनिक किल्लीतूनच निघतो. किल्लीचा ‘शा-२५६’ पद्धतीने हॅश काढायचा, म्हणजे तिला अशा गणिती जात्यात दळायचं की पीठ नेहमी २५६ बिटचंच पडेल आणि पिठावरून धान्य ओळखता येणार नाही. त्यातले पहिले १२८ बिट घ्यायचे. सोळा चिन्हांच्या षोडशमान पद्धतीत ते लिहिले की ३२ चिन्हं होतात, ० ते ९ आणि पुढे ए ते एफ. मग प्रत्येक चिन्ह सरकवायचं: ० चं ए, १ चं बी, ९ चं जे, ए चं के, असं करत एफ चं पी. हॅशची सुरुवात ‘३, एफ, ९, ०’ अशी असेल तर आयडीची सुरुवात ‘डी, पी, जे, ए’ अशी होते. म्हणून क्रोमच्या कुठल्याही एक्स्टेंशनच्या आयडीत क्यू किंवा झेड दिसत नाही, आकडाही दिसत नाही.

हे सरकवण्याचं झंगट कशाला? कारण हा आयडी पत्त्यासारखा वापरला जातो. ‘क्रोम-एक्स्टेंशन’ हा शब्द, पुढे दोन तिरक्या रेघा आणि मग आयडी, असा एक्स्टेंशनच्या पानांचा पत्ता असतो. आयडीत योगायोगाने नुसतेच आकडे आले असते तर एखाद्या सॉफ्टवेअरने त्याला संगणकाचा आकडी पत्ता, म्हणजे आयपी अ‍ॅड्रेस समजून घोळ घातला असता. नुसती अक्षरं ठेवली की तो प्रश्नच उरत नाही. क्रोम ज्यावर उभा आहे त्या क्रोमियमच्या सोर्स कोडमध्ये हे कारण टिपणात लिहून ठेवलेलं आहे.

तर माझ्याकडून काय झालं होतं? एक्स्टेंशनचं पुडकं बांधणाऱ्या क्रोमच्या ‘पॅक एक्स्टेंशन’ या खिडकीत दोन रकाने असतात: एक्स्टेंशनचं फोल्डर, आणि खाजगी किल्लीची फाइल. दुसरा रकाना ऐच्छिक आहे. पेम सापडेना म्हणून मी तो कोरा सोडला. क्रोमने निमूटपणे नवी किल्ली घडवली, नव्या किल्लीतून नवा आयडी निघाला. साठ मशिनच्या धोरणात, म्हणजे कोणतं एक्स्टेंशन बसवायचं हे ब्राउझरला सांगणाऱ्या ऑफिसच्या सेटिंगमध्ये, मात्र जुना आयडी लिहिलेला. अपडेट शोधताना क्रोम जुना आयडी घेऊन सर्व्हरच्या दारात जायचा, मिळालेल्या पुडक्याची सही त्या आयडीशी ताडायचा, जुळत नाही म्हणून टाकून द्यायचा. काही तासांनी पुन्हा तेच.

किल्ली हरवली म्हणजे तुमच्या वापरणाऱ्यांपर्यंतचा रस्ता बंद झाला. नवं एक्स्टेंशन बनवता येतं, जुन्याला हात लावता येत नाही.

आणि आयडीला किती गोष्टी लटकलेल्या असतात, हे तो बदलेपर्यंत ध्यानात येत नाही. एक्स्टेंशनने साठवलेला सगळा डेटा त्या आयडीच्या नावे असतो. मशिनवरच्या एखाद्या प्रोग्रामशी ते बोलत असेल, तर त्या प्रोग्रामच्या फाइलीत ‘याच आयडीला आत घ्या’ असं लिहिलेलं असतं. गूगल खात्याने लॉगिनची सोय असेल तर परतीच्या पत्त्यातही तोच आयडी.

‘द ग्रेट सस्पेंडर’ या लोकप्रिय एक्स्टेंशनच्या वेळी हे फार लोकांना एकदमच कळलं. न लागणारे टॅब झोपवून मेमरी वाचवणं हे त्याचं काम. झोपवलेल्या टॅबचा पत्ता बदलून तो एक्स्टेंशनच्या स्वतःच्या पानाचा व्हायचा, आणि मूळ साइटचा पत्ता त्याच्या शेपटाला असायचा. फेब्रुवारी २०२१ मध्ये गूगलने ते एक्स्टेंशन घातक ठरवून बंद केलं. आयडी मेला, आणि त्याच्या नावावर झोपलेले टॅबही त्याच्यासोबत गेले. मग लोक हिस्टरी उघडून त्या लांबलचक पत्त्यांच्या शेपटातून मूळ पत्ते हाताने सोडवत बसले. या एक्स्टेंशनची गोष्ट अजून संपलेली नाही, तिच्याकडे परत येतो.

नवशिक्या डेव्हलपरला याच आयडीचा एक चटका फार लवकर बसतो. एक्स्टेंशन पॅक न करता थेट फोल्डरमधून चढवलं, तर किल्लीच नसते. मग क्रोम आयडी कशातून काढतो? फोल्डरच्या पाथमधून. म्हणजे फोल्डर ‘डेस्कटॉप’वरून ‘डॉक्युमेंट्स’मध्ये हलवलं की आयडी बदलला, टेस्टिंगचा डेटा गायब, लॉगिन बंद. शेजारच्या मशिनवर तर आयडी वेगळाच. यावर उतारा म्हणजे मॅनिफेस्ट, म्हणजे एक्स्टेंशनची माहिती देणाऱ्या फाइलीत ‘की’ नावाची ओळ टाकून तिथे सार्वजनिक किल्ली चिकटवायची. क्रोम वेब स्टोअर हे गूगलचं एक्स्टेंशनांचं दुकान; त्याच्या डॅशबोर्डवर, म्हणजे डेव्हलपरच्या पानावर, ती बघायला मिळते. पहिली आणि शेवटची ओळ काढायची, मधला मजकूर सलग एका ओळीत करायचा. मग फोल्डर कुठेही असो, आयडी तोच. स्टोअरला पाठवायच्या प्रतीतून मात्र मी ही ओळ काढून टाकतो.

आतापर्यंत मी स्वतःच्या सर्व्हरवरून वाटण्याबद्दल बोललो, पण तो मार्ग आता आडवाटेचाच आहे. विंडोज आणि मॅकवर स्टोअरबाहेरचं पॅक केलेलं एक्स्टेंशन फक्त ऑफिसच्या धोरणानेच बसवता येतं. बाकी बहुतेक सगळे स्टोअरमधून वाटतात. तिथे तुम्ही नुसती झिप चढवता. किल्लीची जोडी स्टोअर बनवतं, खाजगी किल्ली गूगलकडेच राहते, सही गूगलच करतं. किल्ली हरवायची भीती गेली. मी हे आधीच केलं असतं तर हा लेख लिहायची वेळ आली नसती.

पण आता सहीचा अर्थ बदलला, आणि माझ्या मते बहुतेकांचं लक्ष इथेच चुकतं. आधी सही सांगत होती की ज्याच्याकडे पेम आहे त्याने हे बांधलं. आता ती सांगते की ज्याला डॅशबोर्डवर झिप चढवता आली त्याने हे पाठवलं. शिक्का दुकानदाराकडे ठेवलाय, आणि दुकानदार तुमच्या नावाने येणाऱ्या प्रत्येक पत्रावर तो उमटवून देतो. पत्र आणून देणारा तुम्हीच आहात का, हे शिक्क्याला विचारून कळायचं नाही.

४ सप्टेंबर २०१८ ला मेगा या फाइल साठवण्याच्या सेवेच्या क्रोम एक्स्टेंशनची ३.३९.४ ही विषारी आवृत्ती स्टोअरवर चढवली गेली. चढवणारा चोर होता, पण आयडी खरा, सही खरी. वापरणाऱ्यांच्या ब्राउझरने ती आपोआप उतरवून घेतली, आणि ज्यांनी तिने मागितलेल्या नव्या परवानगीला ‘हो’ म्हटलं त्यांचे पासवर्ड बाहेर जाऊ लागले. चारेक तासांनी कंपनीने ३.३९.५ ही स्वच्छ आवृत्ती चढवली. नंतरच्या निवेदनात कंपनीने उघड नाराजी व्यक्त केली: प्रकाशकाने स्वतः सही करण्याची सोय गूगलने काढून टाकली आणि अपलोडनंतरच्या आपोआप सहीवरच सगळी भिस्त ठेवली, त्यामुळे बाहेरच्या घुसखोरीतला एक अडथळा कमी झाला. तक्रार रास्त होती.

सहा वर्षांनी तोच खेळ अधिक सफाईने झाला. २४ डिसेंबर २०२४ ला सायबरहेवन या सुरक्षा कंपनीच्याच एका कर्मचाऱ्याला मेल आला: तुमचं एक्स्टेंशन नियम मोडतंय, काढून टाकू. मेलमधली लिंक गूगलच्या अस्सल परवानगीच्या पानावर नेत होती, आणि तिथे ‘प्रायव्हसी पॉलिसी एक्स्टेंशन’ नावाचं एक अ‍ॅप स्टोअरवर प्रकाशनाचा हक्क मागत होतं. कर्मचाऱ्याने तो दिला. पासवर्ड चोरीला गेला नाही. दुहेरी पडताळणी चालू होती, पण ती कामाला आली नाही, कारण चोराला लॉगिन करायचंच नव्हतं. नाताळच्या दिवशी २४.१०.४ ही आवृत्ती बाहेर पडली. सुमारे ४ लाख लोक ते एक्स्टेंशन वापरत होते. चोरांनी सुट्टीचा दिवस निवडला, यात नवल नाही.

ग्रेट सस्पेंडरचं तर याहून सरळ. तिथे चोरीच झाली नाही. मूळ लेखकाने जून २०२० मध्ये ते दुसऱ्याला विकलं. आयडी तोच, किल्ली तीच, नाव-चिन्ह तेच. वापरणाऱ्याच्या ब्राउझरला मालक बदलल्याचा मागमूस नाही, कारण मालक कोण हे सहीत लिहिलेलंच नसतं.

अलीकडे क्रोम वेब स्टोअरने एक वाट परत उघडली आहे. डेव्हलपरने स्वतःची सार्वजनिक किल्ली डॅशबोर्डवर नोंदवली, तर पुढे त्या किल्लीची सही नसलेलं पुडकं स्टोअर घेतच नाही. आयडीची किल्ली गूगलकडेच, पण दाराला दुसरं कुलूप तुमचं. या दुसऱ्या किल्लीत आयडी अडकलेला नसल्यामुळे ती हरवली तर अर्ज करून बदलून मिळते. हे कुलूप मी लावतो आणि ती किल्ली बिल्ड करणाऱ्या सर्व्हरवर ठेवत नाही. गूगल खातं आणि किल्ली एकाच ठिकाणी ठेवायची असतील, तर दुसरं कुलूप न लावलेलंच बरं.

फायरफॉक्सने सगळा मामला उलटा मांडलाय. तिथे आयडी किल्लीतून निघत नाही. तुम्ही तो हाताने लिहिता, ईमेलसारखा दिसणारा किंवा महिरपी कंसातला लांब क्रमांक. सही फायरफॉक्स बनवणारी मोझिला करते, आणि ऑगस्ट २०१६ मधल्या ४८ व्या आवृत्तीपासून रोजच्या फायरफॉक्समध्ये बिनसहीचं एक्स्टेंशन बसतच नाही. आयडी ज्याने आधी नोंदवला त्याचा, दुसऱ्या खात्याला त्या आयडीवर मोझिला सही देत नाही. डेव्हलपरला पेम सांभाळायची नाही, पण मॅनिफेस्टमधली ती एक ओळ सांभाळावी लागते. ती बदलली की फायरफॉक्सच्या दृष्टीने एक्स्टेंशन नवं.

मोझिलाच्या सहीमागे प्रमाणपत्रांची साखळी आहे, एक प्रमाणपत्र पुढच्याची ग्वाही देणारं, आणि प्रमाणपत्राला मुदत असते. ४ मे २०१९ ला, शनिवारी, साखळीतल्या मधल्या प्रमाणपत्राची मुदत संपली आणि जगभरातल्या फायरफॉक्सनी एक्स्टेंशनं बंद करायला सुरुवात केली. सगळ्यांची एका क्षणी नाही, कारण फायरफॉक्स ही तपासणी २४ तासांत एकदा करतो. तोडगा सुंदर होता. हजारो एक्स्टेंशनांवर पुन्हा सह्या करत बसण्याऐवजी त्याच नावाचं, त्याच किल्लीचं, फक्त नव्या मुदतीचं प्रमाणपत्र काढून ब्राउझरांपर्यंत पोचवलं. जुन्या सह्या जशाच्या तशा खऱ्या ठरल्या. क्रोमच्या पुडक्यातल्या किल्लीला अशी मुदतच नसते. त्यामुळे ती शिळी होत नाही, आणि फुटली तर आपोआप बादही होत नाही.

मायक्रोसॉफ्टच्या एज ब्राउझरच्या स्टोअरवर तेच एक्स्टेंशन चढवलं तर त्याला वेगळा आयडी मिळतो. म्हणून सोबतचा डेस्कटॉप प्रोग्राम असेल तर त्याच्या यादीत दोन्ही आयडी लिहा. सफारीत एक्स्टेंशन अ‍ॅपच्या पोटात येतं, आणि ओळख अ‍ॅपलच्या डेव्हलपर खात्याला बांधलेली असते. तो वेगळाच संसार.

आयडी आणि सही जुळली तरी अपडेट अडू शकतं ते आवृत्तीच्या आकड्यापाशी. क्रोममध्ये टिंबांनी तोडलेले एक ते चार पूर्णांक चालतात, प्रत्येक जास्तीत जास्त ६५५३५. तुलना तुकड्या-तुकड्याने होते, म्हणून १.१० ही १.९ पेक्षा मोठी. तारखेलाच आकडा करणारे हमखास फसतात: २०२४०८०५ हा आकडा मर्यादेबाहेर जातो, आणि २०२४.०८.०५ मधली पुढची शून्यं क्रोमच्या नियमांत बसत नाहीत. २०२४.८.५ चालतं. मागे जायचं असलं तरी आकडा पुढेच न्यावा लागतो. बिघडलेली ५.२ काढून ५.१ परत आणायची, तर तिला ५.३ म्हणून पाठवायची. आणि अपडेटमध्ये इशारा द्यावा लागेल अशी नवी परवानगी मागितली, तर वापरणारा ‘हो’ म्हणेपर्यंत क्रोम एक्स्टेंशन बंद ठेवतो. फोन येतात ते बहुधा याच दिवशी.

किल्ली हरवण्यापेक्षा फुटणं वाईट. पेम फाइल एक्स्टेंशनच्याच फोल्डरात पडलेली असते आणि झिपसोबत किंवा कोडच्या सार्वजनिक भांडारात जगजाहीर होते. क्रोम फोल्डर चढवताना तिच्याबद्दल इशारा देतो, पण लोक तो मजकूर वाचत नाहीत. आयडी किल्लीतूनच निघत असल्याने आयडी राखून किल्ली बदलता येत नाही. मग एकच उपाय: जुन्या किल्लीने एक शेवटचं अपडेट काढायचं आणि त्यातून जुन्या एक्स्टेंशनने नव्याला संदेश पाठवून सगळा डेटा त्याच्या स्वाधीन करायचा. त्यासाठी जुनी किल्ली हातात तरी हवी.

माझ्या हातात ती नव्हती. जुनं एक्स्टेंशन काढलं की त्याचा डेटाही पुसला जाणार, म्हणून आधी साठ याद्या बाहेर काढायला हव्या होत्या. तेही सरळ नाही, कारण धोरणाने बसवलेल्या एक्स्टेंशनवर आत डोकावायची डेव्हलपर टूल्स मुळात बंद असतात. सिस्टिम अ‍ॅडमिनच्या विनवण्या करून ते धोरण चार दिवस सैल करून घेतलं. मग मशिनमागून मशीन: त्या टूल्समधला कन्सोल उघडायचा, साठवलेलं सगळं कॉपी करायचं, नवं एक्स्टेंशन बसवायचं, त्यात ओतायचं. नवी पेम ऑफिसच्या पासवर्ड तिजोरीत गेली, तिजोरी दोघांना उघडता येते, आणि प्रकल्पाच्या पहिल्या पानावर आयडी लिहिलेला आहे.

अकाउंट्समधल्या मॅडमचं मशीन शेवटी आलं. त्यांच्या यादीत दोनशेवर गावं होती, तालुक्यासकट, तीन वर्षांत जमवलेली. मी कन्सोलमध्ये टाइप करत होतो आणि त्या मागे उभ्या. ‘अरे, तू काय करतोयस ते मला कळत नाही. माझी गावं जाणार नाहीत ना?’ नाही जाणार, म्हटलं. नव्या एक्स्टेंशनमध्ये यादी दिसायला लागली तेव्हा त्यांनी टेबलाच्या खणातून एक वही काढली, चष्मा लावला आणि एकेक गाव ताडून पाहायला सुरुवात केली.